निर्लेखन

शासकीय मराठीत 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. कार्यालयातली मोडकी खुर्ची, फुटके कपाट किंवा थकलेले वाहन नोंदवहीतून कायमचे कमी करायचे झाले, की त्याचे निर्लेखन करतात. इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द शोधताना कोणा भाषा-अधिकाऱ्याने तो घडवला असावा. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे असे शब्द माझ्या कानाला लागून राहतात. लिहिलेले पुसून टाकणे एवढाच त्याचा अर्थ. वस्तू असते, चालतेही कदाचित, पण तिच्याविषयी यापुढे काही लिहिले जाणार नाही.

हा शब्द मी प्रथम ऐकला तो वडिलांच्या तोंडून, २००६ साली. ते पंचायत समितीत जीपचालक होते. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना त्यांची जीप निर्लेखित झाली आणि लिलावात गेली. त्या दिवशी ते घरी आले, हातपाय धुतले आणि आईला एवढेच म्हणाले, "गाडीचं निर्लेखन झालं." पुढे कुणी काही विचारले नाही. आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

त्या जीपने आमचे घर चालवले, पण आम्ही तिच्यात फारसे बसलो नाही. सरकारी गाडीत कुटुंबाला बसवायचे नाही हा वडिलांचा नेम होता. शाळेच्या रस्त्यात ती धुरळा उडवत शेजारून जायची आणि वडील समोर बघत राहायचे. मला त्याचा राग यायचा. तीस वर्षांनी तो राग कुठे गेला ते कळत नाही. त्याच्या जागी नुसती एक ओढ उरली आहे.

वडील जाऊन आता दोन वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत खिशात मावणाऱ्या अकरा डायऱ्या निघाल्या. सरकारी वाहनाला लॉगबुक असते. कुठून कुठे, किती किलोमीटर, कारण काय, अधिकाऱ्याची सही. ते लॉगबुक कार्यालयात जमा होई. पण वडील त्यातल्या नोंदी रोज रात्री आपल्या डायरीत उतरवून ठेवत. पुढे मागे काही चौकशी निघालीच तर आपल्याजवळ पुरावा असावा, एवढाच हेतू. 'मुख्यालय ते पाटोदा, टंचाई पाहणी.' 'टँकर फेऱ्यांची तपासणी.' 'लसीकरण.' आयुष्यभर मी आत्मचरित्रे शिकवली. माझ्या वडिलांचे आत्मचरित्र हे असे निघाले, त्यात 'मी' हा शब्द एकदाही नाही.

एक नोंद मात्र निराळी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरचे अनेक दिवस वडील तिकडेच होते. त्या दिवसांच्या नोंदींत गावांची नावे आणि किलोमीटर आहेत, बाकी काही नाही. शेवटी ऑक्टोबरातली एक ओळ: 'डावीकडे मागे पाट्याच्या हँगरपाशी चेसीस चिरली. नांगर करणाऱ्याकडून वेल्डिंग करून घेतले.' भूकंपाविषयी त्यांनी लिहिलेले एकमेव तपशीलवार वाक्य हे.

असो. हे सगळे सांगण्याचे कारण असे, की या थंडीत एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. शिरूर कासारला एक जुनी जीप विकायला निघाली होती. महिंद्राची एमएम ५४०. पाटीवरचा नंबर मी वाचला, घरी येऊन डायरी उघडली आणि बराच वेळ बसून राहिलो. नंबर तोच होता.

मी आईला सांगितले. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतली एक ठेव तिच्या नावावर आहे, तिला आम्ही कधी हात लावलेला नाही. ती म्हणाली, "त्यांचे पैसे त्यांच्या गाडीत जात असतील तर जाऊ देत. पण ती तीच असली पाहिजे. दुसरी कुठली आणून उभी करू नकोस." ही अट मला त्या वेळी सोपी वाटली होती.

जुने वाहन पाहायला एकट्याने जाऊ नये, आणि आपली ओढ विकणाऱ्याला कळू देऊ नये, असे दोन नियम जाणकार सांगतात. पहिला मी पाळला. बीडमधले एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे 'चाचा' म्हणतात, वडिलांच्या ओळखीचे होते. ते बरोबर आले. दुसरा नियम मी पोहोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच मोडला.

शिरूर कासार हे सिंदफणेकाठचे तालुक्याचे गाव. पुणे जिल्ह्यात एक शिरूर आहे, लातुरात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. म्हणून याला 'कासार' जोडायचे. एकाच नावाची चार गावे असली की ओळख पटवायला पुढचे विशेषण लागते. त्या दिवशी एसटीत बसून मी हाच विचार करत होतो, की एका नंबराची गाडी मात्र एकच असते.

मालक शेतकरी होते, चाळिशीतले. जीपमधून ते दुधाच्या किटल्या आणि कडबा नेत. मुलीला नर्सिंगला घातले होते, फी भरायची होती. मी त्यांना सांगून टाकले, की ही गाडी माझे वडील चालवत. ते खरेच हरखले. म्हणाले, "मग सर, ही तुमच्याच घरची झाली की!" चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. किंमत दोन लाख चाळीस हजार होती, आणि त्या क्षणापासून ती कमी होणार नाही हे त्यांना कळले होते.

जीप या वाहनाचा वंश तसा थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हलके, चारही चाकांना ताकद देणारे वाहन हवे होते. १९४० मध्ये बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती लाखोंच्या संख्येने बनवली. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवले होते, त्यामुळे आजही संग्राहक एकेक बोल्ट तपासून गाडी कितपत अस्सल ते ठरवतात. भारतात १९४७ पासून महिंद्रांनी विलीजची जीप आणली आणि पुढे इथेच घडवली. उंच बॉनेटची सीजे थ्री-बी इथे कित्येक दशके बनत राहिली. तिचे नवे इंजिन उंचीला जास्त होते, म्हणून बॉनेट उंच करावे लागले. एमएम ५४० ही त्याच घराण्यातली, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन बसवलेली. अमेरिकी सांगाडा, फ्रेंच हृदय, आणि आयुष्य बीड जिल्ह्याच्या दुष्काळात. आपल्याकडच्या पुष्कळ गोष्टींची वंशावळ अशीच असते.

चाचांनी कशालाही हात लावण्यापूर्वी बॉनेटवर तळवा ठेवला. थंड आहे याची खात्री केली. आपण यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर काहीतरी लपवायचे आहे असे समजावे. गरम इंजिन कुणाचेही चालू होते. मग त्यांनी हीटर देऊन चावी फिरवली. तिसऱ्या प्रयत्नात गाडी लागली. मागे निळसर धूर आला. पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यावी, काळा आला तर डिझेल पुरते जळत नाही, निळा आला तर ऑइल जळते आहे. हे त्यांनी मला शाळकरी मुलाला सांगावे तसे सांगितले. इंजिन चालू असतानाच ऑइल भरण्याचे झाकण काढले, तर तिथून भपकारे येत होते. "कंप्रेशन मागं मारतंय," ते म्हणाले. म्हणजे रिंगा झिजल्या. डिपस्टिकवरचे ऑइल काळे होते, पण दुधाळ नव्हते. ही त्यातली चांगली गोष्ट.

मग त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढले. पत्र्यावर ते जिथे चिकटेना तिथे आत पुट्टी होती. डाव्या मडगार्डवर ते घसरून पडले, दाराखालच्या पट्टीवर पडले, मागच्या पॅनेलवर अर्धवट चिकटले. ताज्या हिरव्या रंगाखाली गाडी किती उरली आहे ते त्या चुंबकाच्या आवाजावरून कळत गेले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा सिंदफणेलाही पूर आला होता. म्हणून चाचांनी सीटखाली, डॅशबोर्डमागे आणि चेसीसच्या पोकळीत बोटे घालून गाळ वाळलेला आहे का ते पाहिले. तो नव्हता. स्टिअरिंग पाव फेरा नुसतेच फिरत होते. पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली हलवले तर किंगपिनपाशी खटखट वाजले.

सगळ्यात शेवटी नदीकाठच्या वाळूत फोर-व्हीलची परीक्षा झाली. ही परीक्षा डांबरावर करायची नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या जीपमध्ये फोर-व्हील लावला की पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, आणि तो फरक रिचवायला सैल जमीन नसेल तर सगळा ताण गिअरांवर येतो. चाचा बाहेर उभे राहून चाकांकडे पाहत होते, मी चालवत होतो. मी लहान दांडा 'लो'मध्ये टाकला आणि गाडीने एक बारीक, लांबट, रडल्यासारखा आवाज काढला. तो आवाज मी ओळखला. रात्री उशिरा वडील कच्च्या रस्त्याने परतायचे तेव्हा वळणावर हाच आवाज यायचा, आणि आई उठून स्टोव्ह पेटवायची. पुढची चाके वाळू मागे टाकत वर चढली. मी त्या वेळी किंमत द्यायला तयार होतो.

पण अट राहिली होती. ती तीच आहे का?

एम.ए.च्या वर्गाला मी पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, हे मी दरवर्षी सांगतो. आमच्याच बीडच्या पाटांगणात राजवाड्यांना मिळालेली प्रत त्यांनी १९०९ साली छापली, आणि मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती न राहिल्यामुळे तिच्याविषयीचा वाद कसा मिटत नाही, तेही सांगतो. वर्गातला माझा आवडता इशारा असा, की जो पाठ आपल्याला हवासा वाटतो त्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्यावा. संपादकाचे प्रेम हाच पाठाचा मोठा शत्रू. हे सांगताना मुले वहीत लिहून घेतात.

त्या दुपारी मी चेसीसखाली आडवा झालो तो मागच्या डाव्या हँगरपाशी वेल्डिंग शोधायला. ते होते. माझे मन भरून आले. मी चाचांना हाक मारली. ते शांतपणे खाली वाकले, टॉर्च मारला, आणि म्हणाले, "उजवीकडं पण बघ, बेटा." उजवीकडेही वेल्डिंग होते. दोन्हीकडे वरून लोखंडी पत्ती मारलेली होती, आणि ती अलीकडची होती. तिच्याखाली एखादी जुनी रेघ असेल किंवा नसेलही. या भागातल्या रस्त्यांवर आयुष्य काढलेल्या कोणत्याही जीपला तिथे वेल्डिंग असणारच, असे चाचांचे म्हणणे पडले. माझा एकमेव पुरावा सर्वसामान्य निघाला.

मग त्यांनी मालकाकडून आरसी मागून घेतली आणि चेसीसवरचा नंबर शोधला. त्यावरचा रंग आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसले, माझ्याकडून कागद आणि पेन्सिल घेतली, कागद लोखंडावर दाबून धरला आणि पेन्सिलीने आडवे घासू लागले. आरटीओत असाच छाप लागतो. मला शिलालेखांचे ठसे आठवले; तीच रीत, दगडाऐवजी लोखंड. कागदावर एकेक आकडा पांढरा उमटत गेला. आकडे आरसीतल्या आकड्यांशी जुळत होते. मी सुटकेचा श्वास टाकला, पण चाचा कागद उजेडात तिरपा धरून पाहत राहिले.

"हे बघ," ते म्हणाले. शेवटचे चार आकडे किंचित वर चढलेले होते. त्यांच्यातले अंतर सारखे नव्हते. एक आकडा दोनदा ठोकलेला दिसत होता. आणि त्या भागातले लोखंड भोवतालच्यापेक्षा गुळगुळीत आणि खोलगट होते, ग्राइंडर फिरवल्यासारखे. चेसीस बदलली असेल तर रीतसर परवानगी घेऊन नंबर पुन्हा ठोकता येतो, पण तशी नोंद आरसीत हवी. इथे ती नव्हती. इंजिनचा नंबर तर आरसीशी मुळीच जुळत नव्हता.

म्हणजे एवढेच म्हणता येत होते: वडिलांच्या जीपचा नंबर या गाडीवर आहे. गाडी त्यांची आहे की नाही, ते सांगता येत नव्हते. लिलावानंतर तिचे चार मालक झाले होते. कुठेतरी मधे, कुणीतरी, एका गाडीचे कागद दुसऱ्या गाडीला दिलेले असू शकतात. किंवा गंजून खराब झालेला नंबर कुणा मिस्त्रीने भाबडेपणाने पुन्हा ठोकलेला असू शकतो. आत्ताच्या मालकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा चेहरा पडला तेव्हा मला त्यांची खात्री पटली. त्यांनी २०१७ साली ही गाडी घेतली तेव्हा कुणी चेसीसवर कागद ठेवून घासले नव्हते. ते म्हणाले, "सर, मी तर चालती गाडी घेतली. नंबर कोण बघतंय?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला चाचांचा राग आला. त्यांनी तो कागद तिरपा धरला नसता तर मी पैसे देऊन टाकले असते, आईला 'तीच आहे' असे सांगितले असते, आणि ते खोटे आहे हे मला कधी कळलेही नसते. नदीच्या वाळूतला तो आवाज पुरेसा होता. पण तो आवाज त्या जातीच्या प्रत्येक जीपचा असतो, हेही मला तिथे उभा असतानाच कळत होते. मी माझ्या वडिलांना एका ट्रान्सफर केसच्या आवाजात शोधत होतो, आणि तो आवाज महाराष्ट्रातल्या प्रत्येक पंचायत समितीत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणाच्या तरी वडिलांचा होता.

मी गाडी घेतली नाही. नोंद नसलेला बदल असलेले वाहन माझ्या नावावर होणार नाही, हे व्यवहाराचे कारण मी मालकांना सांगितले आणि ते खरेही होते. आरटीओत जाऊन हे आधी निस्तरून घ्या, नाहीतर पुढच्या घेणाऱ्यालाही अडचण येईल, असे चाचांनी त्यांना समजावले. त्यांनी आम्हाला चहा पाजला. निघताना त्यांची मुलगी दारात उभी होती. तिच्या फीचे काय झाले असेल, हा प्रश्न मी अजून बाजूला सारू शकलेलो नाही. माझ्या पाठनिश्चितीची किंमत त्या दिवशी तिने मोजली.

परतताना चाचा म्हणाले, "तुझ्या वडलांनी ही गाडी घेतली नसती." मी म्हटले, नंबरामुळे? ते म्हणाले, "नाही. त्यांना गाडीच नको होती. रिटायर झाल्यावर मी एकदा म्हटलं, लिलावात एखादी बघू का. म्हणाले, आता मला मागच्या सीटवर बसायचंय." हे मला नवीन होते. अकरा डायऱ्यांत ते कुठे लिहिलेले नव्हते.

घरी आल्यावर आईने विचारले, "तीच होती का?" मी म्हणालो, सांगता येत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि पोळ्या करायला उठली.

पेन्सिलीचा तो छाप मी मागून घेतला होता. तो आता १९९३ च्या डायरीत, ऑक्टोबरच्या त्या पानाशी ठेवला आहे. यंदा पाठचिकित्सेचा तास आला की तो वर्गात न्यायचा विचार आहे. शेवटचे चार आकडे मुलांना दिसतात का, ते पाहायचे आहे.